विमान आणि अवकाशयानातले प्लॅस्टिकचे भाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एमआयडीसीतले छोटे वर्कशॉपवाले, ज्यांच्याकडे पहिल्यांदाच विमानाच्या भागाचं ड्रॉइंग आलंय. उपग्रह बनवायला निघालेले अभियांत्रिकीचे विद्यार्थी. आणि विमानात बसल्यावर आजूबाजूच्या भिंतीला टिचकी मारून बघणारे प्रवासी. क्रमाने वाचायची गरज नाही, पण आगीबद्दलचं उत्तर कुणीही गाळू नये.

विमानात खरंच प्लॅस्टिक असतं का? नेमकं कुठे?

तुम्ही ज्या खिडकीतून ढग बघता ती काचेची नसते. ती ताणून मजबूत केलेल्या ॲक्रिलिकची असते. केबिनमधल्या हवेचा दाब बाहेरचा थर पेलतो. मधल्या थराला एक बारीक भोक असतं, त्यामुळे दाब बाहेरच्या थरावरच जातो आणि खिडकीवर धुकंही कमी धरतं. सर्वात आतला पातळ थर फक्त तुमच्या हातापासून आणि ओरखड्यांपासून बचावासाठी असतो.

याशिवाय डोक्यावरचे सामानाचे कप्पे, हवा खेळवणाऱ्या नळ्या, खुर्चीचे भाग, वायरींचं आवरण, वायरी धरून ठेवणाऱ्या क्लिपा, इंजिनाच्या आसपासचे बुश (भोकात बसवायच्या, घर्षण सोसणाऱ्या नळ्या) आणि वॉशर. एफ-१६ या लढाऊ विमानाची वैमानिकावरची पारदर्शक छत्री पॉलिकार्बोनेटची असते. भर वेगात पक्षी धडकला तर ती लवावी, फुटू नये, हा त्यामागचा हेतू.

बोइंग ७८७ ला ‘प्लॅस्टिकचं विमान’ म्हणतात, ते याच अर्थाने का?

नाही, आणि हा घोळ फार होतो. ७८७ च्या वजनातला सुमारे ५० टक्के आणि एअरबस ए३५० चा सुमारे ५३ टक्के भाग संमिश्र पदार्थांचा आहे. पण त्यातला बहुतांश म्हणजे इपॉक्सी रेझिनमध्ये बसवलेले कार्बनचे तंतू. इपॉक्सी एकदा कडक झालं की पुन्हा वितळत नाही. नागपूरच्या मिहानमध्ये ७८७ च्या ज्या फ्लोअर बीम बनतात त्याही कार्बन तंतूंच्या संमिश्राच्याच.

या पानाचा विषय आहे ते प्लॅस्टिक, एखाददुसरा अपवाद सोडला तर, गरम केल्यावर पुन्हा मऊ होतं, म्हणून साच्यात ओतता येतं, रॉडमधून कातता येतं आणि वेल्डही करता येतं. वेल्डिंगचा फायदा मोठा आहे. ए३८० च्या पंखांची पुढची कड काचतंतू घातलेल्या पॉलिफिनिलीन सल्फाइडची आहे आणि तिचे भाग वेल्ड करून जोडलेले आहेत. गल्फस्ट्रीम जी६५० या बिझनेस जेटच्या शेपटीवरची हलती नियंत्रणंसुद्धा अशाच पदार्थाची, इंडक्शनने वेल्ड केलेली. जितके रिव्हेट कमी तितकी भोकं कमी, आणि तंतूंच्या पदार्थात भोक पाडणं म्हणजे तंतू कापणंच.

मग नेमकी कोणती प्लॅस्टिक वापरतात?

ड्रॉइंगवर सर्वात जास्त वेळा दिसतं ते पॉलिइथर इथर कीटोन, ज्याला बाजारात सगळे ‘पीक’ म्हणतात. इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत १९७८ च्या सुमारास ते विकसित झालं. पुढे तोच धंदा व्हिक्ट्रेक्स नावाने वेगळा झाला. ते ३४३ अंश सेल्सिअसला वितळतं आणि २५० अंशांच्या आसपास दीर्घकाळ काम करतं. विमानाचं इंधन आणि हायड्रॉलिक तेल यांना दाद देत नाही. एक खाचखळगा मात्र आहे: १४३ अंशांच्या वर त्याचा ताठपणा झपाट्याने उतरतो. माहितीपत्रकावरचा २५० चा आकडा बघून कुणी त्या तापमानाला भार पेलणारा ब्रॅकेट काढला तर तो वितळणार नाही, पण वाकेल.

पीकच्या बाबतीत आपल्याकडची एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. मुंबईच्या यूडीसीटी या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेचे माजी विद्यार्थी केकी घरडा यांनी उभ्या केलेल्या घरडा केमिकल्सने गुजरातमधल्या पानोलीला स्वतःच्या पद्धतीने पीक बनवलं होतं. डोंबिवली आणि लोटे परशुरामच्या लोकांना ही कंपनी कीटकनाशकं आणि रंगद्रव्यांमुळे माहीत असते. पुढे तो पॉलिमरचा धंदा बेल्जियमच्या सॉल्वे कंपनीने घेतला. म्हणजे जगात मोजक्याच जणांना जमणारा हा पदार्थ आपल्या शेजारी बनतो, आणि तरी आपले वर्कशॉपवाले त्याला ‘इंपोर्टेड माल’ म्हणूनच ओळखतात.

दुसरं नाव पॉलिइथरइमाइड, म्हणजे अल्टेम. जनरल इलेक्ट्रिकने १९८२ मध्ये बाजारात आणलं. रंग मधासारखा पारदर्शक पिवळा. २१७ अंशांपर्यंत ताठ राहतं, पीकपेक्षा स्वस्त, आणि आगीच्या बाबतीत मुळातच शहाणं. केबिनच्या आतल्या भागांत म्हणूनच ते भरपूर दिसतं. तीव्र द्रावकांचं मात्र त्याला वावडं आहे.

पॉलिफिनिलीन सल्फाइड रसायनांना पक्कं, पण जरा ठिसूळ. पॉलिअमाइड-इमाइड, म्हणजे टॉरलॉन, ताकदीला जबरदस्त. पण साच्यातून निघाल्यावर त्याला कित्येक दिवस पायरीपायरीने भट्टीत तापवावं लागतं, तेव्हा कुठे पूर्ण ताकद येते. व्हेस्पेलसारखं पॉलिइमाइड तर वितळतच नाही. त्याची पूड धातूच्या पुडीसारखी दाबून, तापवून आकार देतात. इंजिनाजवळ जिथे वंगण टिकत नाही तिथे त्याचे बुश बसतात. टेफ्लॉन सर्वांना माहीत आहेच: निसरडं, थंडीत उत्तम, पण भार दिला की हळूहळू पसरतं.

ॲल्युमिनियमच्या जागी पीक लावलं तर वजन निम्मं होईल ना?

घनता बघितली तर तसं वाटतं. पीक १.३, ॲल्युमिनियम २.७. विक्रेतेही इथेच थांबतात. पण भाग मोडण्याआधी वाकतो, म्हणून हिशेब ताठपणाचा करायचा.

ॲल्युमिनियमचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताठपणाचं माप, सुमारे ७० गिगापास्कल, साध्या पीकचा सुमारे ४. वाकण्याला प्लेटचा जो विरोध असतो तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. तेव्हा तितकीच ताठ प्लेट हवी असेल तर साध्या पीकची जाडी २.६ पट घ्यावी लागते, आणि वजन येतं १.२५ पट. म्हणजे भाग जड झाला! आता ३० टक्के कार्बन तंतू घातलेलं पीक घ्या: गुणांक साधारण २०, घनता १.४. जाडी दीडपट, वजन सुमारे ७९ टक्के. वाचलं ते एकवीस टक्के, पन्नास नव्हे. आणि भाग वाकत नसून सरळ ताणला जात असेल तर हेही गणित बिघडतं, ॲल्युमिनियमच जिंकतं.

मग लोक बदलतात कशासाठी? कारण पाच तुकडे आणि बारा स्क्रूंच्या जागी साच्यातून एकच भाग काढता येतो. गंज नाही, रंगकाम नाही. कंपनाने वायर घासली तरी तिचं आवरण कापलं जात नाही. कार्बन भरलेला नसेल तर वीज वाहत नाही. पुष्कळ ब्रॅकेटवर भार इतका किरकोळ असतो की ॲल्युमिनियमचा भाग मुळात गरजेपेक्षा जाड असतो, कारण त्याहून पातळ तो मशीनवर काढताच येत नाही. अशा ठिकाणी प्लॅस्टिक खरोखर निम्म्या वजनात काम करतं.

आग लागली तर?

विमानात प्लॅस्टिक निवडताना हा पहिला प्रश्न असायला हवा. ताकदीचा नंतर.

२७ जानेवारी १९६७ ला अपोलो १ च्या जमिनीवरच्या सरावात अंतराळवीर बसतात त्या कुपीच्या आत आग लागली आणि गस ग्रिसम, एड व्हाइट व रॉजर चॅफी हे तिघे अंतराळवीर गेले. आत शुद्ध ऑक्सिजन होता, तोही बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबाने. नायलॉनची जाळी, व्हेल्क्रोच्या पट्ट्या, फोम असा पुष्कळ जळाऊ माल सगळीकडे लावलेला होता. साध्या हवेत हळू जळणारं नायलॉन शुद्ध ऑक्सिजनमध्ये भडकतं. त्यानंतर कुपीतलं सामान एकेक करून तपासलं गेलं, आणि कपड्यांत टेफ्लॉनचा लेप दिलेलं काचतंतूंचं बीटा कापड आलं.

दुसरी घटना प्रवासी विमानाची. २ सप्टेंबर १९९८, स्विसएअरचं उड्डाण १११, न्यूयॉर्कहून जिनिव्हाला. कॉकपिटच्या छतावर वायरींमध्ये ठिणगी पडली आणि आग पसरली. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात २२९ जणांचा मृत्यू झाला. तपासात निघालं की आग पसरवली ती उष्णतारोधक गाद्यांवरच्या आवरणाने. ते आवरण धातूचा मुलामा दिलेल्या पॉलिइथिलीन टेरेफ्थॅलेटचं होतं, म्हणजे पाण्याची बाटली ज्याची असते त्याच पेटचं. आणि हे आवरण त्या वेळच्या नियमातली ज्योतीची परीक्षा पास झालेलं होतं! उभा टांगलेला नमुना ज्योतीपासून आक्रसून लांब जायचा, म्हणून पेटायचा नाही. प्रत्यक्ष विमानात, अडचणीच्या जागी, तो पेटला. अमेरिकेच्या नागरी विमान प्रशासनाने ती आवरणं काढायला लावली आणि २००३ मध्ये त्यासाठी नवी, कडक परीक्षा आणली.

म्हणून ‘सर्टिफिकेट आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. कुठली परीक्षा, किती जाडीच्या नमुन्यावर, आणि तुमचा भाग त्या जाडीचा आहे का, हे विचारा. ३ मिलिमीटरला पास झालेला ग्रेड १ मिलिमीटरला नापास होऊ शकतो.

केबिनमधल्या भिंती, कप्पे अशा मोठ्या पृष्ठभागांना साध्या ज्योतीशिवाय आणखी दोन अडथळे पार करावे लागतात. एक उष्णतेचा: पहिल्या दोन मिनिटांत बाहेर पडलेली एकूण उष्णता चौरस मीटरमागे ६५ किलोवॅट-मिनिटांच्या आत, आणि पाच मिनिटांच्या परीक्षेतला सर्वोच्च दरही ६५ किलोवॅटच्या आत. दुसरा धुराच्या दाटपणाचा. धुराला एवढं महत्त्व का? कारण जळत्या विमानातून माणसं दार दिसलं तरच बाहेर पडतात. अल्टेम, पीक, पॉलिफिनिलसल्फोन इथे टिकतात. नेहमीचं एबीएस, ॲक्रिलिकची सजावट, साधं नायलॉन टिकत नाहीत.

डेलरिन आणि नायलॉनवर आमचा हात बसलेला आहे. ते चालणारच नाही का?

काही ठिकाणी चालतं. जिग, फिक्स्चर (काम करताना भाग धरून ठेवणारी साधनं), जमिनीवरची साधनं यांना तर डेलरिनसारखं, म्हणजे ॲसिटल प्लॅस्टिकसारखं, काही नाही. पण डेलरिनला आगीचा गुण जवळजवळ नाही. ते जवळपास न दिसणाऱ्या ज्योतीने जळतं आणि तापलं की फॉर्माल्डिहाइड सोडतं. नायलॉन ६ दमट हवेतलं पाणी पितं. पूर्ण भिजलं की वजनाच्या ९ टक्क्यांच्या पुढे जातं आणि माप फुगतं. पुण्यात जानेवारीत कातलेला बुश जुलैमध्ये मुंबईत घट्ट बसतो, तो यामुळे.

अवकाशात वेगळं काय घडतं?

पुष्कळ काही. तिथे आग हा प्रश्न माणूस असलेल्या कुपीपुरता. बाकी यानाचे शत्रू निराळे.

पहिला शत्रू निर्वात. प्लॅस्टिकमध्ये अडकलेले हलके रेणू, ओलावा, मऊपणासाठी घातलेली द्रव्यं हळूहळू बाहेर पडतात आणि यानावरच्या थंड पृष्ठभागावर जाऊन बसतात. नवी गाडी उन्हात ठेवली की पुढच्या काचेवर आतून जो चिकट धुरकट थर येतो तो हाच प्रकार. गाडीची काच पुसता येते. दुर्बिणीचा आरसा किंवा कॅमेऱ्याचं भिंग कोण पुसणार? म्हणून एएसटीएम ई५९५ ही परीक्षा. नमुना १२५ अंशांवर निर्वातात २४ तास ठेवायचा. वजनातली घट १ टक्क्यापेक्षा जास्त नको, आणि समोरच्या २५ अंशांच्या पट्टीवर साचलेला भाग ०.१ टक्क्यापेक्षा जास्त नको. नासाच्या गोडार्ड केंद्राने हजारो पदार्थांचे आकडे सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. खरेदीआधी ती यादी बघणं फुकट आहे.

दुसरा शत्रू पृथ्वीच्या जवळच्या कक्षेतला अणुरूप ऑक्सिजन. सूर्याच्या अतिनील किरणांनी ऑक्सिजनचे रेणू फुटून सुटे अणू होतात, आणि सेकंदाला सुमारे पावणेआठ किलोमीटर वेगाने धावणारं यान त्यांच्यावर आदळतं. पॉलिमरचा पृष्ठभाग अक्षरशः खरवडला जातो. नासाने १९८४ मध्ये एलडीईएफ नावाची नमुन्यांनी भरलेली चौकट कक्षेत सोडली होती. साधारण वर्षभराने परत आणायची, असा बेत होता. मध्येच चॅलेंजर शटलचा अपघात झाला आणि ती जानेवारी १९९० मध्ये परतली. या विलंबाने पदार्थशास्त्राचं भलंच केलं. पुढच्या, म्हणजे धावण्याच्या दिशेच्या बाजूला लावलेले उघडे, पातळ पॉलिइमाइडचे थर झिजून गेले होते. म्हणून हल्ली अशा फिल्मवर सिलिकॉन ऑक्साइडसारखा अतिपातळ लेप देतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या सौर पंखांवर तसाच आहे.

टेफ्लॉनच्या कुळातल्या फिल्म अणुरूप ऑक्सिजनला त्यामानाने बऱ्या, पण किरणोत्साराला फार नाजूक. हबल दुर्बिणीच्या बाहेरच्या आवरणातली अशीच फिल्म ठिसूळ होऊन चिरलेली १९९७ च्या दुरुस्ती मोहिमेत अंतराळवीरांना दिसली. पीक आणि पॉलिइमाइड किरणोत्सार बऱ्यापैकी सोसतात.

तिसरं म्हणजे ऊन-सावली. जवळच्या कक्षेत दीड तासात एक फेरी, म्हणजे दिवसाला सोळाच्या आसपास सूर्योदय. १०० मिलिमीटर लांबीचा साध्या पीकचा भाग १०० अंशांच्या फरकाने जवळपास अर्धा मिलिमीटर वाढतो. ॲल्युमिनियम त्याच्या निम्म्याने. दोन्ही एकमेकांना घट्ट बोल्ट केलेले असतील तर काहीतरी चिरणार. एका टोकाला गोल भोक आणि दुसऱ्याला लांबट खाच, हा जुना उपाय आजही सर्वोत्तम आहे.

उपग्रहांवरचा तो सोनेरी कागद सोन्याचा असतो का?

नाही. ती कॅप्टॉन नावाची पॉलिइमाइड फिल्म. तिचा स्वतःचा रंग पिवळसर तपकिरी, मागे ॲल्युमिनियमचा मुलामा, म्हणून पुढून सोनेरी दिसते. उणे २६९ पासून ४०० अंशांपर्यंत ती टिकते. जेम्स वेब दुर्बिणीवरच्या टेनिस कोर्टाएवढ्या पाच थरांच्या पडद्यातही कॅप्टॉनच आहे: सूर्याकडचा थर ०.०५ मिलिमीटर, बाकीचे ०.०२५. त्या दुर्बिणीवर सोनंही आहे, पण ते आरशांवर.

आमचं कॉलेज क्यूबसॅट, म्हणजे ठरावीक मापाचा छोटा उपग्रह, बनवतंय. थ्रीडी प्रिंटरवर नेहमीच्या पीएलए प्लॅस्टिकमध्ये छापलं तर?

मॉडेल छापा, उड्डाणाचा भाग नको. पीएलए ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. शिवाय क्यूबसॅटच्या प्रमाणित आराखड्यात मुख्य सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि बाहेरच्या सरकपट्ट्या हार्ड ॲनोडाइझ केलेल्या सांगितल्या आहेत. प्लॅस्टिक आत: सर्किट बोर्डांमधले स्पेसर, अँटेनाचा आधार, बॅटरीची चौकट. तिथे पीक किंवा अल्टेम घ्या आणि वर सांगितलेले ई५९५ चे दोन आकडे फाइलला लावा. वायर बांधायच्या पट्ट्या, चिकटपट्टी, गोंद यांचेही आकडे लागतात. विद्यार्थी तिथेच अडकतात. पुण्याच्या सीओईपीचा ‘स्वयम्’ आणि आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ हे दोन्ही २०१६ मध्ये पीएसएलव्हीने गेले. या कॉलेजांतल्या सिनियरना गाठा, अर्धे प्रश्न तिथेच सुटतील.

थ्रीडी प्रिंट केलेले भाग खरंच उडतात?

उडतात. पहिल्या ए३५० साठी अल्टेम ९०८५ मध्ये छापलेले एक हजारांहून जास्त भाग वापरल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं होतं. बहुतेक ब्रॅकेट, झाकणं, नळ्या असे. अवकाश स्थानकावर तर प्रिंटरच आहे. तिथला पहिला भाग नोव्हेंबर २०१४ मध्ये छापला गेला. मर्यादा अशी की एकावर एक थर चढतात त्या दिशेला ताकद बरीच कमी असते. ड्रॉइंगवर छपाईची दिशा लिहिलेली नसेल तर ती विचारल्याशिवाय काम घेऊ नका.

पीकचा रॉड कातताना काय सांभाळायचं?

ॲनील केलेला, म्हणजे तापवून सावकाश गार करून आतला ताण काढलेला, माल घ्या. जास्त कापायचं असेल तर रफ करून पुन्हा ॲनील करा आणि मग फिनिश, नाहीतर मशीनवरून उतरल्यावर जॉब वाकतो. टूल धारदार कार्बाइडचं. कार्बन किंवा काच भरलेल्या ग्रेडला हिऱ्याचं टूल परवडतं, कारण कार्बाइडची धार भराभर जाते. ॲल्युमिनियमचा चुरा उडत असलेल्या मशीनवर हे काम लावू नका, पृष्ठभागात कण रुततात. अल्टेम आणि पॉलिकार्बोनेटला तेलकट कूलंट नको. आतला ताण आणि रसायन एकत्र आले की आठवड्याभराने केसाएवढ्या चिरा उमटतात. मोजमाप जॉब पूर्ण गार झाल्यावर.

आटे थेट प्लॅस्टिकमध्ये पाडण्यापेक्षा धातूचा इन्सर्ट बसवा. बोल्टच्या भोकात धातूची नळी घाला, म्हणजे आवळलेला भार नळीवर येईल आणि प्लॅस्टिक दबत जाऊन बोल्ट सैल होणार नाही. आणि कार्बन भरलेला भाग उघड्या ॲल्युमिनियमला टेकवू नका. कार्बन वीज वाहतो, ओलाव्यात ॲल्युमिनियम गंजतं. मध्ये काचतंतूंचा थर लागतो.

बिनकागदाचा रॉड निम्म्या किमतीत मिळतोय. घ्यावा का?

जिगसाठी खुशाल घ्या. उडणाऱ्या भागासाठी नाही. तिथे रेझिनच्या लॉटपासून रॉडच्या लॉटपर्यंत आणि तिथून तुमच्या जॉब कार्डपर्यंत साखळी जुळावी लागते. दहा वर्षांनी एखादा बुश फुटला तर त्याच लॉटचे बाकीचे बुश कुठल्या विमानांत आहेत हे शोधता आलं पाहिजे. रॉडचा तुकडा कापल्यावर लॉट क्रमांक असलेलं टोक शेवटपर्यंत राखून ठेवा. नंबर नसलेला उरलेला तुकडा, दिसायला कितीही तसाच असला, जिगच्या कपाटात.

साच्यातलं भंगार दळून पुन्हा वापरता येईल का?

स्पेसिफिकेशनमध्ये तशी परवानगी लेखी असेल तरच, आणि ती क्वचितच असते. पुन्हा वितळवताना तंतू तुटून आखूड होतात आणि ताकद घटते. पण पीकचं भंगार फेकू नका. त्याला चांगला भाव आहे. ग्रेडप्रमाणे वेगळं, स्वच्छ ठेवलं तर पंप आणि व्हॉल्व्हचे भाग बनवणारे घेतात.